नागाची बटणं

आमच्या घरात थंडी कधी सुरू व्हायची ते बाबांनी ठरवून टाकलेलं होतं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. मग भले दुपारी घामाच्या धारा लागोत नाहीतर पहाटे दात वाजोत, कोजागिरी झाल्याशिवाय गरम कपड्यांची संदूक उघडायची नाही, आणि झाली की एक दिवसही थांबायचं नाही. हा नियम कुठून आला विचारलं तर म्हणायचे, "दफ्तरात असंच होतं." दफ्तर म्हणजे ग्वाल्हेर संस्थानचं. बाबा तिथे उमेदवारीपासून चढत चढत हेडक्लार्क झालेले. दफ्तरात जे होतं ते घरात, त्यावर अपील नाही.

संदूक उघडायचं काम माझं. घरात मी एकटीच मुलगी, त्यामुळे सगळीच कामं माझी. ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि डोक्यावरचं छत आमच्या वाट्याला होतं. पुण्याचे नातेवाईक त्याला गच्ची म्हणतात. आम्ही छत म्हणतो, थंडीला सर्दी म्हणतो, आणि त्यावरून ते आम्हाला हसतात. हसोत बापडे. त्यांच्याकडे सर्दी म्हणजे नाक गळतं तेवढंच. आमच्याकडे ती पडते तेव्हा माणसं घराबाहेर निघत नाहीत.

तर छतावर दोरी बांधायची आणि एकेक कपडा उन्हात टाकायचा. आईची शाल, माझे दोन स्वेटर, बाबांचे मफलर, आणि सगळ्यात शेवटी कोट. कोट एकच होता. बंद गळ्याचा, लोकरीचा, काळा पण उन्हात धरला तर किंचित जांभळा दिसणारा. कापड दरबाराकडून मिळालेलं, माझ्या जन्माच्या वर्षी. म्हणजे कोट आणि मी एका वयाचे, आणि खरं सांगायचं तर लाड त्याचे जास्त झाले. त्याला कडुनिंबाच्या सुक्या पाल्यात ठेवायचं, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झाडायचं, खांद्याला चिमटा लावायचा नाही. मला लहानपणी दोन धपाटे बसले ते त्याच्यावर शिंगाड्याचा हात लागला म्हणून.

कोटाला सात बटणं होती, पितळेची, आणि प्रत्येकावर फणा काढलेला नाग. नाग ही संस्थानची निशाणी. दसऱ्याच्या दरबारासाठी बाबांचा अंगरखा आणि पगडी वेगळी होती, ती वर्षातून एकदा. पण कोट रोजचा. थंडीभर बाबा सकाळी दहाला तो घालून निघायचे आणि सातही बटणं आरशात न बघता लावायचे, खालून वर. वरचं बटण लागलं की मान ताठ व्हायची. माझ्या मनात बाबा म्हणजे ती सात बटणं आणि त्यांच्या वर एक चेहरा, असंच बरीच वर्षं होतं.

मग संस्थान विलीन झालं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मला त्यातलं एवढंच कळलं की त्या वर्षी कोट उन्हात घातला तेव्हा आई कात्री घेऊन छतावर आली. जुनी निशाणी अंगावर नको अशी दफ्तरात कुजबुज होती. लेखी हुकूम कुणी पाहिला नव्हता, पण कुजबुज हुकमापेक्षा लवकर पोचते. आईनं सातही बटणं कापली, बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि कोटाला काळी, शिंगाची बटणं लावली. पुढे कित्येक दिवस बाबा बोलता बोलता छातीवर हात न्यायचे आणि मग तो हात तसाच खाली आणायचे. मला ते बघवायचं नाही.

नवं राज्य झालं त्याला राजधान्या दोन. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. चैत्र लागला की फायली, खुर्च्या आणि कारकून असं सगळं बिऱ्हाड इंदूरला जायचं आणि आश्विनात परत यायचं. बाबा त्याच्याबरोबर जायचे. आईला दम्याचा त्रास, माझी शाळा, आणि तिकडे एका खोलीत तीन कारकून. त्यामुळे आम्ही दोघी मागे.

हे आठ वर्षं चाललं, आणि या आठ वर्षांत मला एक गोष्ट नीट समजली. आमच्या आईचं वर्ष सहा महिन्यांचंच होतं. बाबा गेले की ती कामापुरती बोलायची, साधा भात-वरण करायची, पदर खोचून दिवस ढकलायची. आणि नवरात्र आलं की कुठून तरी जीव यायचा अंगात. ताजे शिंगाडे यायचे, ते उकडायचे. रताळी निखाऱ्यात भाजायची. मेथीचे लाडू, सुंठेचा चहा. पिंजारी बोलावून रजयांतला कापूस पिंजून घ्यायचा, आणि त्या नव्या भरलेल्या रजया छतावर पसरून मग मला ओरडायचं, "लोळू नकोस कार्टे, तुझ्या बाबांची आहे ती!" बाबा यायच्या दिवशी ती डोक्यावरून न्हायची. मी हसले की म्हणायची, "हसतेस काय? सण आहे." पंचांगात त्या दिवशी काहीच नसायचं.

म्हणूनच पुढं जे सांगणार आहे त्यात काय पणाला लागलं होतं ते आधीच सांगून ठेवते. आईचे हिवाळे.

मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी राज्यांची पुन्हा मोडतोड ठरली. आमचं राज्य आणखी मोठ्या राज्यात जाणार आणि राजधानी भोपाळ. कायमची. आता उन्हाळा-हिवाळा ही भानगडच नाही. ग्वाल्हेरची समजूत काढायला काही दफ्तरं इथेच ठेवणार होते, आणि ज्यांची नोकरी थोडी उरली आहे त्यांनी इथे राहण्यासाठी अर्ज करावा असं निघालं. बाबांची तीन वर्षं राहिली होती. त्यांनी इंदूरहून अर्ज केला आणि तसं पत्र लिहिलं. आईनं ते पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं. मला म्हणाली, "एवढं झालं तर मला दुसरं काही नको. बाराही महिने घरी." मग जरा वेळानं, "नाहीतर तीन वर्षं. मला नाही जमायचं गं आता." तिला एवढं उघड बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या वर्षी दसऱ्याला आपट्याची पानं हातात देताना आमच्या गल्लीत एकच प्रश्न होता, "तुमचं काय? इथे की तिथे?" सगळी मराठी घरं दरबारच्या नोकरीवर जगलेली. कुणाचे आजोबा फडणिशीत, कुणाचे पलटणीत. कुणाला इथे ठेवतात आणि कुणाला पाठवतात यावर माणसाचं वजन ठरत होतं. ज्याला ठेवलं तो मोलाचा, ज्याला पाठवलं तो असाच कुणीतरी. कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण पान देताना हाताच्या दाबावरून कळायचं.

बाबा दसऱ्याला आले नव्हते. दफ्तराची बांधाबांध सरळ भोपाळसाठीच चालली होती. कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी बाहेरून एक अधिकारी येणार, अर्ज केलेल्या प्रत्येकाला समोर बोलावून बघणार आणि तिथल्या तिथे ठरवणार, असं कळलं. बाबा त्याच्या आदल्या संध्याकाळी पोचणार होते.

आणि आईनं नियम मोडला. दसरा झाल्याबरोबर, कोजागिरी यायच्या आधीच, तिनं मला संदूक उघडायला लावली. कोट उन्हात धरला. सतरा वर्षांचा कोट. कोपरांवर चकाकी आलेली, कॉलर उडालेली, खांदे तपकिरी पडलेले. नवा शिवायचा तर लोकरीचं कापड आणायचं कुठून. आई म्हणाली, "पलटून आण."

कोट पलटणं आता कुणाला माहीत नसेल. चांगल्या लोकरीची आतली बाजू ऊन न लागल्यामुळे नव्यासारखी राहते. शिंपी अख्खा कोट उसवतो, कापड उलटं करतो आणि पुन्हा शिवतो. कोट नवा होतो, पण डावं उजवं होतं आणि उजवं डावं. छातीवरचा खिसा उजवीकडे जातो. बटणांची काजं रफू करून दुसऱ्या अंगाला नवी पाडावी लागतात. जाणकार माणूस खिसा बघून ओळखतो की हा पलटलेला कोट आहे. पण जाणकार माणसं सभ्य असायची, बोलायची नाहीत.

शहराच्या लश्कर भागात एक म्हातारे शिंपी, मास्टरजी, होते, त्यांच्याकडे मी कोट नेला. त्यांनी आतली बाजू बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "बिटिया, ऐसा कपड़ा अब नहीं आता. आराम से करूँगा." मी म्हटलं, आराम से नको, कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी पाहिजे म्हणजे पाहिजे. ते हसले. पण दिला त्यांनी, त्याच दिवशी दुपारी. काम असं की मी बघतच राहिले. जुन्या खिशाची रफू हात लावूनही सापडेना. फक्त बटणं लावलेली नव्हती. इस्त्रीखाली दोन शिंगाची बटणं तडकली, उरलेली पाच त्यांनी कागदाच्या पुडीत दिली आणि सांगितलं, बाजारातून सात एकसारखी घेऊन जा.

घरी आले तर वेगळाच गोंधळ. आईनं त्याच दिवशी पिंजारी बोलावलेला. बाबा येणार तर रजई ताजी हवी ना! कापूस उडाला, तिच्या छातीत गेला आणि दम्यानं अशी धरली की ती आतल्या खोलीत वाफेच्या भांड्यावर वाकून बसलेली. तिनं खुणेनंच विचारलं, कोट? मी म्हटलं, छान झालाय, बटणं तेवढी लावायची. तिनं मान हलवली. म्हणजे लाव तू.

बाजारात जाऊन बटणं आणायला वेळ होता. खोटं कशाला सांगू. पाटणकर बाजार दहा मिनिटांवर आणि दिवस मावळायला अजून दोन तास. पण सुई-दोऱ्यासाठी मी बिस्किटांचा डबा उघडला आणि त्यात ती सात होती. काळवंडलेली, पण पुरी सात. माझ्या डोक्यात राज्य, विलीनीकरण, निशाणी असलं काही आलंच नाही. आमच्या घरात त्यांना नागाची बटणं म्हणत, आणि नागाची बटणं म्हणजे चांगली बटणं. बाबा साहेबासमोर जाणार. चांगलं घालून जावं. एवढंच माझं गणित. मी ती चिंच लावून घासली, राखेनं पुसली, ती अशी लखलखली की मला माझंच कौतुक वाटलं. मग दुहेरी दोऱ्यानं, खाली काडेपेटीची काडी ठेवून, मास्टरजी लावत तशी एकेक पक्की लावली.

सकाळी बाबांनी धुवट धोतर नेसलं, काळी टोपी घातली आणि कोट अंगावर चढवला. मी दारात उभी होते. बटणं लावली, खालून वर. वरच्या बटणाशी क्षणभर थांबले. मग डाव्या छातीवर पेन अडकवायला गेले तर तिथे खिसाच नाही, पेन खाली पडलं. मी उचलून दिलं आणि म्हटलं, "बाबा, खिसा आता उजवीकडे." ते हसले. आईनं आतून बसक्या आवाजात विचारलं, "बसला का हो नीट?" बाबा म्हणाले, "बसला. पोरीनं नवा करून आणलाय." आणि टांग्यात बसून गेले. ते गल्लीतून ताठ बसून गेले आणि माझा ऊर भरून आला.

जेवणाच्या वेळेला परत आले. मी दार उघडलं. त्यांनी टोपी काढली आणि एकच शब्द म्हणाले, "भोपाळ." कोट काढला, खुंटीला लावला आणि आत आईकडे गेले. दार लोटून घेतलं.

बराच वेळ दोघं आत बोलत होते. शब्द कळत नव्हते, मध्येच आईचा खोकला. ताटं वाढलेली तशीच. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांच्या यजमानांचा निकाल त्याच सकाळी लागून गेला होता, इथेच राहायला मिळालं होतं. काकूंनी मला विचारलं, "काय गं, काय झालं?" मी काही म्हणायच्या आत आतलं दार उघडलं आणि आई बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. काकूंकडे न बघता ती सरळ खुंटीपाशी गेली आणि कोटाचं एक बटण बोटांत धरलं.

"ही तू लावलीस?"

"हो."

"नागाची?"

"हो. ती दुसरी..."

"शाबास!" आई म्हणाली, चांगल्या मोठ्यानं. दम लागलेल्या बाईला एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "साहेबानं नाग बघितला आणि त्याचं तोंड फिरलं. म्हणतो, तुम्ही कोणत्या सरकारचे नोकर? लिहून टाकलं भोपाळ. तुझ्या बटणांनी घात केला बाई आमचा!"

काकूंनी तोंडावर पदर घेतला. बाबा आतल्या दारात उभे होते, जमिनीकडे बघत. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन वाढलेल्या ताटांवर झाकणं ठेवली, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य अस्तित्वात आलं आणि फराळाच्या ताटांबरोबर आमच्या बटणांची गोष्ट कंपूपासून गावाच्या दुसऱ्या टोकाला मुरारपर्यंत जाऊन आली. आणि एक गोष्ट मी बघत होते, पण तेव्हा तिचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत नव्हते. लोक बाबांना भेटायला येत होते. पलटणीतले एक म्हातारे पेन्शनर आले, खुंटीवरच्या कोटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "नोकरी अशी करावी." ज्यांना इथे ठेवलं होतं ते बाबांसमोर जरा ओशाळलेच दिसत. बाबा भोपाळला निघाले तेव्हा स्टेशनवर पंधरा-वीस माणसं होती. हार घातले त्यांना. आई दम्यामुळे आली नाही. मी गेले होते, आणि सगळे माझ्याकडे बघून "हीच का ती?" करत होते.

मग तीन हिवाळे. बाबा तिकडे चौघांत एक खोली करून राहिले, दिवाळीला चार दिवस यायचे. आई पहिल्या वर्षी पिंजाऱ्याला म्हणाली, "दोनच रजया करा." तिसरी गुंडाळून माळ्यावर टाकली. शिंगाडे आले, उकडले, पण आम्ही दोघी किती खाणार. ती माझ्यावर पुन्हा कधी ओरडली नाही, उलट जरा जास्तच गोड वागायची, आणि त्यानं मला जास्त लागायचं. पहाटे तिला धाप लागली की मी उठून पाठ चोळायची आणि मनात एकच, पाटणकर बाजार दहा मिनिटांवर होता.

गोष्ट मात्र चालूच राहिली. पाहुणे आले की आई सांगायची, मी चहा घेऊन आले की लोक हसायचे, मी पण हसायची. माझं नावच पडलं, बटणवाली. लग्न ठरलं ते ग्वाल्हेरात राहिलेल्या एका दफ्तरातल्या माणसाशी, थाटीपुरात सरकारी क्वार्टर. तर माझ्या लग्नाच्या पंगतीत माझ्या सासऱ्यांना कुणीतरी ती गोष्ट रंगवून सांगितली. सासरे म्हणाले, "सूनबाई, आमच्या कोटांपासून लांब राहा हं!" सगळे हसले, मीही. रात्री नवऱ्यानं विचारलं, डोळे का सुजलेत. मी म्हटलं, होमाचा धूर.

बाबा रिटायर होऊन परत आले. आईला त्यांच्याबरोबर सहा हिवाळे मिळाले. मग ती गेली. बाबा कंपूच्या त्याच जागेत राहिले, आणि मी दर वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी थाटीपुराहून येऊन संदूक उघडायची. कोट अजून होता. पलटून घेतलेली बाजूही आता उडाली होती, तिसरी बाजू कोटाला नसते. बटणं तीच. ती कुणी बदललीच नाहीत. भोपाळला बाबा तीच लावून तीन वर्षं दफ्तरात गेले होते, हे सुद्धा माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

आई जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. छतावर ऊन छान होतं, बाबा खुर्चीत बसून शिंगाडे सोलत होते. मी कोट झाडता झाडता म्हटलं, "बाबा, ही बटणं कापून टाकू? दर वर्षी बघते आणि जीव जळतो माझा."

"का?"

"का काय! माझ्यामुळे आईनं तीन हिवाळे एकटीनं काढले."

बाबांच्या हातातला शिंगाडा थांबला. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला ते खरं वाटतं?"

"म्हणजे?"

"अगं, त्यानं मान वर केली नव्हती." ते सावकाश, जोखून बोलत होते. "यादी होती समोर. मी उभा राहिलो. म्हणाला, किती वर्षं झाली? म्हटलं तीस. ठीक है, भोपाल. नेक्स्ट. मी अजून नमस्कारही पुरा केला नव्हता. नाग काय, मी मोर लावून गेलो असतो तरी त्याला दिसला नसता."

"आणि ते, कोणत्या सरकारचे नोकर?"

"ते तुझ्या आईनं विचारलं."

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. बाबा सांगत होते. आत वाफेच्या भांड्याशेजारी बसून त्यांनी आईला म्हटलं होतं, तीस वर्षं नोकरी केली आणि माणसानं वर बघितलं नाही, आता खाली जाऊन लोकांना काय सांगू. लोटलेल्या दाराच्या फटीतून आईला खुंटीवरचा कोट दिसत होता. तो बघत राहिली. मग काकूंचा आवाज ऐकू आला आणि ती उठली.

"मी म्हटलं तिला, पोरीला कशाला मध्ये," बाबा म्हणाले. "तर म्हणाली, पोरच आहे, दिवाळीपर्यंत विसरेल. लोक मात्र तुमचं हे विसरणार नाहीत."

"मी विसरले नाही, बाबा."

"तू हसायचीस की गं."

"सगळे बघत असायचे म्हणून मी हसायची."

त्यांच्या हातातला शिंगाडा सोलायचा राहिला. मला आईचा राग आला. आला तो आला, मेलेल्या माणसाचा राग करू नये वगैरे मला जमत नाही. ज्या घटकेला तिचे हिवाळे गेले त्याच घटकेला, धाप लागलेली असताना, तिनं आधी नवऱ्याची मान सांभाळली. माझी नाही सांभाळली. हे दोन्ही खरं आहे आणि ते मला एकमेकांतून वजा करता येत नाही. आणि तिनं कधीही मला जवळ घेऊन खरं सांगितलं नाही, फक्त गोड वागत राहिली. तो गोडपणा मला त्या दिवशी छतावर कळला, आणि मी कोट तोंडाशी धरून रडले. त्याला कडुनिंबाचा वास येत होता.

जरा वेळानं मी विचारलं, "तुम्हाला घालताना कळलं होतं?"

"पहिल्याच बटणाला. बोटांना कळतं ना."

"मग काढून का नाही ठेवलात? आईची शाल घेऊन गेला असतात."

"तू दारात उभी होतीस." मग थांबून, नजर दुसरीकडे वळवून म्हणाले, "आणि मला वाटलं, त्यांच्यामुळे तरी तो बघेल."

मी डोळे पुसले. छातीजवळचं एक बटण जरा ढिलं झालं होतं, ते बघून घेतलं, अजून टिकण्यासारखं होतं. मग कोट उचलून त्यांच्यामागे गेले. म्हटलं, "उठा, घाला बघू." ते म्हणाले, "अगं, इतक्या उन्हात?" पण उठले, हात घातले. कोट आता त्यांना मोठा होत होता, खांदे खाली आलेले. बटणं मीच लावली, खालून वर, सातही. पेन त्यांच्या सदऱ्याला होतं, ते काढून उजवीकडच्या खिशात अडकवलं. मग दोन पावलं मागे सरले आणि मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.